वूत कुणाच्या स्वप्नात आला

मेल्यावर माझा वूत अख्ख्या टेबलाच्या स्वप्नात जाऊन आला. लमूनताईच्या गेला, अंपोनच्या गेला, चिअममावशीच्या तर दोनदा. एकदा नुसता दारात उभा राहिला म्हणे, आणि एकदा पाणी मागून गेला. माझ्याकडे यायला तेवढी त्याला सवड झाली नाही. मी कोण? मी आपली आई.

टेबल म्हणजे कारखान्यातलं आमचं टेबल. महाछायच्या बंदरात माशांचे कारखाने एकाला एक लागून आहेत, त्यातल्याच एकात. वाफवलेला ट्यूना ट्रेमधून येतो. आम्ही सातजणींनी साल ओढायची, काटा काढायचा, काळं मांस वेगळं, पांढरं वेगळं. पांढरं माणसांच्या डब्यात जातं, काळं मांजरांच्या. तोंडाला फडकं, डोक्याला जाळी, पायात गमबूट. बाईचे नुसते डोळे दिसतात, पण जीभ कुणाचीच थांबत नाही.

महिन्यातून दोनदा सरकारी सोडत निघते आणि दरवेळी टेबलाचं एक तिकीट ठरलेलं. सगळ्यांनी थोडे थोडे काढायचे आणि लमूनताईने गेटवरच्या बाईकडून तिकीट घ्यायचं, कारण ती सगळ्यांत जुनी आणि तिचा हातगुण चांगला. कुणी ठरवलं? आम्हीच. आजवर त्या हातगुणाने एकदा सगळ्यांचं कोंबडीचं जेवण झालं होतं, बस. नंबर कुठूनही येतो. मुकादमाच्या नव्या गाडीचा येतो, कुणाच्या अंगावर पाल पडली त्या तारखेचा येतो, विहारातल्या जुन्या झाडाच्या खोडाला पावडर चोळली की तिथे दिसतो. ज्याला बघायचाय त्याला भाताच्या करपलेल्या बुडातसुद्धा दिसतो. आणि सगळ्यांत पक्का कुठला, तर मेलेल्या माणसाने दिलेला.

वूत बर्फाच्या कारखान्यात होता. धक्क्यावरच्या होड्यांना बर्फ पोचवायचा. कामाला जाताना पुलावर ट्रकने उडवला. याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि कुणी विचारूही नका.

विहारात त्याच्या हातावर पाणी घालायची वेळ आली तेव्हा चिअममावशीने माझं कोपर धरून दम दिला. "रडायचं नाही हं सुपिन. आईचा अश्रू अंगावर पडला तर पोराचा पाय निघत नाही. घुटमळत बसतो बिचारा." मी रडले नाही. म्हटलं, नंतर रडेन. मग शवपेटी ठेवली, भिक्खूंचं पठण झालं, माणसं आली, माणसं गेली, त्यांना पेज वाढायची, पाणी द्यायचं, आणि रोज सकाळी पेटीवर टकटक करून "वूत, ऊठ, जेवून घे" म्हणायचं. त्यात रडायचं राहूनच गेलं. मग ते आलंच नाही. काही खाल्लं तरी तोंडात पुठ्ठा चावल्यासारखं लागायचं. माणसं बोलायची ती दुसऱ्या खोलीतून बोलल्यासारखी यायची. मी "हो" म्हणायचे, "बरं" म्हणायचे. एवढ्या दोन शब्दांवर माझं सगळं भागत होतं.

खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत टेबल माझ्या पाठीशी उभं राहिलं. लमूनताई कामाची पाळी संपवून रोज यायची आणि ढीगभर भांडी घासायची. तिचा नवरा ट्रॉलरवर कंबर मोडून घेऊन घरात पडलेला, तरी यायची. अंपोन तोंडाने फटकळ, पण भिक्खूंच्या दानाची पाकिटं तिनेच भरली. दहन झालं, राख खाडीत सोडली, आणि मी पुन्हा टेबलाशी येऊन उभी राहिले. घरी बसून काय करू? मासा सोलायला मनाची गरज लागत नाही.

एवढं एकच मला हवं होतं, की त्याने एकदा दिसावं. आमच्याकडे सगळ्यांची गेलेली माणसं स्वप्नात येतात. शेजारणीचा सासरा मेल्यावर तीन वेळा येऊन छत्री कुठे ठेवली ते विचारून गेला. मग माझ्या पोराला काय धाड भरली होती? मी त्याच्याच चटईवर झोपायचे. तुळशीत परतलेला डुकराचा खिमा आणि वर कडक तळलेलं अंडं वाढून ठेवायचे, उदबत्ती लावून हाक मारायचे. सकाळी अंड्याला मुंग्या.

आणि तिकडे टेबलावर फडक्यातून कुजबुज. वूत हिच्याकडे आला, वूत तिच्याकडे आला. मी कुणालाच विचारलं नाही की कसा दिसत होता. विचारावंसं वाटायचं, पण पुढचा मासा ओढायचे. रागच आला होता मला वूतचा. शेजारपाजारच्या बायकांकडे जातोस आणि घरी येत नाहीस?

पुढच्या सोडतीत पहिलं बक्षीस निघालं. शेवटचे आकडे चार, एक, नऊ. साठ लाख बाट.

टेबलाचं तिकीट होतं मुकादमाच्या गाडीच्या नंबरचं, ते गेलं कचऱ्यात. पण चार-एक-नऊवालं तेच बक्षिसाचं तिकीट लमूनताईच्या चोळीत होतं. ती म्हणाली, हे माझं, माझ्या पैशाने घेतलेलं.

अंपोनने सुरी ट्रेमध्ये आपटली. "तुझं? तुझं कसं गं? न्हाणीघरात तुला मी सांगितलं ना, वूत माझ्या स्वप्नात आला, चार-एक-नऊ म्हणाला, टेबलासाठी हाच घे म्हणून? आणि तू टेबलाच्या गळ्यात मुकादमाचा खटारा बांधलास, आणि पोराचा नंबर स्वतःच्या पदरात?"

"तू सांगितलंस?" लमूनताईचे डोळे जाळीपर्यंत गेले. "माझ्याकडे आला तो! मी तुला सांगितलं, तर तू फिदीफिदी हसलीस. आता लागल्यावर तुझ्याकडे कसा आला?"

"माझ्याकडे आधी आला."

"हो का? मग तुझ्याकडून निघून माझ्याकडे आला असेल. तुझं तोंड बघून पळाला असेल पोरगा."

न्हाणीघरात या दोघींखेरीज कुणी नव्हतं. म्हणजे वाद एवढाच उरला, की वूत कुणाकडे आला. अंपोनकडे आला असेल तर तिने नंबर टेबलाला दिला, म्हणून बक्षीस सातजणींचं. लमूनताईकडे आला असेल तर तिचं एकटीचं. साहजिकच बाकीच्या सगळ्या अंपोनच्या बाजूला गेल्या. जिथे वाटा तिथे वाट, दुसरं काय. माझाही सातवा हिस्सा होताच. मी आपली मासा सोलत होते.

"अगं, तू तरी बोल!" अंपोन माझ्यावर ओरडली. "तुझं पोर आहे!"

"हो," मी म्हटलं.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. गमबुटात कुणी बर्फ टाकतंय, कुणी कुणाच्या ट्रेमधला काटा परत दुसऱ्या ट्रेमध्ये टाकतंय. मुकादमाने सांगितलं, भांडण गेटबाहेर करा, नाहीतर तुम्ही गेटबाहेर. सगळ्या मिळून पोलीस ठाण्यात गेल्या, मलाही नेलं. तिथल्या साहेबाने ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "जिवंत माणसाने नंबर दिला असता तर जबाब घेतला असता. मेलेल्याला समन्स कुठल्या पत्त्यावर धाडू? आपसात मिटवा, नाहीतर कोर्टात जा. कोर्टात तुमच्या नातवंडांना निकाल मिळेल." त्यानेही निघताना हळूच नंबर विचारून घेतला.

परतताना लमूनताई गाडीच्या एका टोकाला, बाकीच्या दुसऱ्या टोकाला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात म्हणतात ना, तसं चाललं होतं. फरक एवढाच की मढं माझं होतं, आणि लोणी खाणाऱ्या बायांनीच त्याच्यासाठी भांडी घासली होती. त्यामुळे धड रागवताही येईना.

तोडगा चिअममावशीने काढला. वूतच्या शंभराव्या दिवसाचं पुण्यकर्म विहारात करायचंच होतं. ती म्हणाली, सगळ्या तिथे असणार, थोरले भंते असणार, वूतलाही आपण तिथे बोलावणार. भंतेंसमोर दोघींनी आपापलं स्वप्न सांगायचं आणि आईने ठरवायचं. "तिने पोटात वाढवलंय त्याला. खरा वूत कुठला ते तिला नाही कळणार तर कुणाला? आणि ती सांगेल ते सगळ्यांनी मुकाट ऐकायचं. कबूल?"

दोघी कबूल झाल्या. मला कुणी विचारलं नाही. पण खरं सांगते, इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या पोटात काहीतरी हललं. आता मला ऐकायला मिळणार होतं. तो कसा दिसत होता, काय म्हणाला, उभा होता की बसला होता. ज्या बाईने त्याला खरंच पाहिलंय तिच्याकडून मी त्याचं सगळं काढून घेणार होते. बक्षीस जाऊ दे खड्ड्यात.

त्या दिवशी भिक्खूंचं जेवण झालं, पाणी सोडून झालं, मग आम्ही भंतेंसमोर पाय दुमडून बसलो. थोरले भंते फार जपून बोलणारे. त्यांना वय विचारलं तरी सांगत नाहीत, कारण सांगितलं की दुसऱ्या दिवशी त्या नंबरची तिकिटं गेटवर उरत नाहीत. ते म्हणाले, "मी सोडतीतलं काही जाणत नाही आणि जाणूही इच्छित नाही. पण तुम्ही गेल्या वेळेला याच विहारात एका पातेल्यातून पेज वाढलीत, ते मी पाहिलंय. सांगा, काय पाहिलंत ते."

लमूनताईने हात जोडले. "पहाटे आला, भंते. केस चापून बसवलेले. काळा कोट घातलेला, टाय लावलेला, अगदी साहेबासारखा. माझ्याकडे बघून जरासा हसला आणि बोटांनी दाखवलं. चार. एक. नऊ."

मी मान वर केली.

"कोट तर माझ्याकडे आला तेव्हाही होता!" अंपोन म्हणाली. "आणि टाय निळा होता. विचारा तिला, रंग सांगितला का तिने?"

"निळाच होता! मला सांगू तरी दे!"

"माझ्याकडे आला तेव्हापण निळाच," चिअममावशी मध्येच म्हणाली, आणि आपण कुठल्या बाजूने बोललो ते न कळून गप्प बसली.

वूतने जन्मात कोट घातला नाही. मयताला ठेवायला त्याचा धड फोटो एकही नव्हता. सगळ्यांत जीभ बाहेर, नाहीतर मागून कुणाला तरी शिंगं काढतोय. तेव्हा फोटोवाल्याने एकातून त्याचा चेहरा घेतला, खाली कुणाचा तरी काळा कोट चिकटवला, निळा टाय लावला, केस चापून दिले. तो फोटो पेटी ठेवलेल्या दालनाच्या दाराशी होता. त्याच्या खाली फळा होता, सगळ्यांच्या मयताला असतो तसा. दालन चार. वय एकोणीस. आठवडाभर सगळ्या बायका त्या फळ्यासमोर चपला काढत होत्या.

त्यांनी वूतला पाहिलं नव्हतं. फळा पाहिला होता.

अगदी ओठावर आलं माझ्या. मेल्यांनो, तो कोट फोटोवाल्याचा! एवढं म्हटलं असतं तर दोघींची तोंडं तिथल्या तिथे बंद झाली असती. इतके दिवस मला वाटत होतं, जातोय, सगळ्यांकडे जातोय, मलाच टाळतोय. राग येत होता, पण जाणारं पोरगं कुठेतरी असतं ना. आज नाही तर उद्या रुसवा सोडून घरी येईल अशी आशा तरी असते. आणि आता कळत होतं की तो माझ्याकडे आला नाही, तसा लमूनताईकडेही आला नाही, अंपोनकडेही नाही, मावशीकडे पाणी मागायलाही नाही. तो कुणाकडेच आला नव्हता. पुलावरून तो कुठेच गेला नव्हता. हे मी तोंडाने बोलले असते तर ते खरं झालं असतं.

"आई," भंते मला म्हणाले, "तुमच्याकडे आला होता का तो?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आईकडे येणारच, असं सगळ्यांनी धरलेलं.

"हो," मी म्हटलं. "आला होता."

"कोट...?" लमूनताईने हळूच विचारलं.

"नाही गं. कोट कुठला. ती त्याची बाही उसवलेली लाल बंडी. बर्फाने छातीवर भिजलेली. नेहमीसारखा चपला घालून थेट आत. मी ओरडले, पाय धू. तर म्हणतो, आई, धुतलेलेच आहेत, बर्फाचं पाणी आहे. आणि भांड्यावरचं झाकण उचलून वास घेतला. उभ्या उभ्या बोटाने खिमा खाल्ला आणि तोंड भाजून घेतलं." हे कुठून येत होतं मला कळत नव्हतं. मी थांबले असते तर पुन्हा सुरू झालं नसतं, म्हणून बोलत राहिले. "मी म्हटलं, बस की खाली. म्हणाला, बसत नाही, गाडी उभी आहे. मग जाता जाता म्हणाला, लमूनताईला म्हणावं भांडी फार घासलीस. अंपोनला म्हणावं फार ओरडू नको. नंबर मी टेबलाला दिलाय. टेबलाचं आहे ते टेबलालाच राहू दे."

अंपोनने तोंडावर हात धरला होता. चिअममावशी रडत होती, आणि रडू नको म्हणून मला दम देणारी तीच. मी बघत होते. माझे डोळे तसेच कोरडे.

लमूनताईने चोळीत हात घातला. तिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं, घामाने पिशवी आतून ओली झालेली. तिने ते भंतेंपुढे नाही, चिअममावशीपुढे ठेवलं, आणि हवेत कुणाला तरी हात जोडले. "चुकले रे वूत," म्हणाली. "सातजणींचं."

"अगं, माझंही चुकलं," अंपोन म्हणाली. "थोडंसं."

भंतेंनी माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटून आशीर्वचन सुरू केलं आणि आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या.

नंतर भांडी निघालीच. विहारामागच्या नळाशी बाकीच्या पुसत होत्या, हसत होत्या, वाट्याचं काय करणार ते एकमेकींना सांगत होत्या. इतक्या दिवसांनी त्यांचं ते हसणं ऐकून बरं वाटायला हवं होतं. अंपोन लांबूनच ओरडली, "सुपिन, पुन्हा आला तर पुढच्या सोडतीचं विचार गं!" सगळ्या खिदळल्या, आणि मग तिलाच वाईट वाटलं असावं, कारण माझ्या हातातलं मोठं पातेलं तिने येऊन उचलून नेलं.

लमूनताई माझ्या शेजारी बसून ताटं घासत होती. बराच वेळ घासलेलंच ताट घासत राहिली.

"सुपिन, एक सांगू? मारशील मला."

"सांग."

"माझ्याकडे आला नव्हता तो. नंबर मी फळ्यावरून घेतला. मग इतकं भांडले, इतक्यांदा सांगितलं, की मलाच दिसायला लागला." ती ताटाकडेच बघत होती. "अंपोनचंही तेच असणार, मला माहीत आहे. मयताच्या फोटोतला कोट दोघींनाही कसा दिसेल? रोज झोपताना वाटायचं, आपण सगळ्या मेल्या खोटं बोलतोय, आणि पोरगं खरं कुठेच नाही. असं वाटलं की अंगावर काटा यायचा बघ. पैशाचं राहू दे, त्याचीच भीती बसली होती."

मी एक ताट नळाखाली धरलं.

"पण तुझ्याकडे आला." तिने नाक कोपराने पुसलं. "त्या बंडीत आला. बंडी ऐकली आणि मी म्हटलं, हा, हा आपला वूत. सुटले गं मी. आला ना, खरंच?"

नळाचं पाणी वाहत होतं. तिचे डोळे लाल झालेले, आणि ती वाट बघत होती.

"आला," मी म्हटलं. "पुन्हा येईन म्हणालाय."

"येणारच की. आईला सोडून जातोय कुठे." ती हसली, हात धुतले, आणि पुढचं ताट ओढून घेतलं. किती दिवसांनी तिचे खांदे खाली आले होते. आज ती घरी जाऊन नवऱ्याला शेक देईल, जेवेल आणि गाढ झोपेल, हे मला तिथे बसल्या बसल्या दिसत होतं. तिला सांगणारी मी होते. मला सांगायला आता कुणी उरलं नव्हतं. लमूनताईचा मला इतका हेवा वाटला, की हातातलं ताट मला खाली ठेवावं लागलं.